नागपूरवरून इंडिया आर्ट फेअरला जायचंय? मग असं जा आणि असं बघा

जानेवारी लागला की इथल्या चित्रकलेच्या पोरापोरींचे आणि चित्रं बघायची आवड असलेल्या मंडळींचे तेच ते प्रश्न सुरू होतात. दिल्लीच्या आर्ट फेअरला जावं का, आपल्याला काय कळणार, विकत घ्यायचं नसेल तर आत उभं राहू देतात का. आणि त्यावर सल्ला काय मिळतो तर सगळं बघून घ्या, भरपूर फोटो काढा, घरी येऊन निवांत बघा. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि दरवर्षी कोणी ना कोणी तो ऐकून थकून परत येतं, म्हणून हे लिहून राहिले.

आधी हे नीट समजून घ्या

इंडिया आर्ट फेअर हा बाजार आहे. 2008 साली दिल्लीच्या प्रगती मैदानात इंडिया आर्ट समिट नावाने सुरू झाला, 2012 पासून नाव इंडिया आर्ट फेअर झालं आणि जागा ओखल्याचं एनएसआयसी मैदान. मोठाले तंबू असतात, त्यात देशातल्या आणि बाहेरच्या गॅलऱ्या भाड्याने बूथ घेतात आणि आपापल्या कलाकारांची कामं विकायला मांडतात. कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, वेगळं, तिथे क्युरेटर म्हणजे प्रदर्शन आखणारा जाणकार एक विषय धरून मांडणी करतो आणि विक्री नसते. फेअरमध्ये असा धागा शोधत बसलात तर डोकं दुखेल. एका बूथवर बंगालचे जुने मास्टर, शेजारी अंधारात व्हिडिओ, त्याच्या पुढे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्या परंपरेतली गोंड चित्रं, हे असंच असतं आणि असंच असणार.

तिकीट, गाडी, मुक्काम

फेअर फेब्रुवारीच्या सुरुवातीला चार दिवस असतो. पहिले दिवस मुख्यतः निमंत्रितांचे, आपले दिवस शनिवार-रविवार धरून चाला आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा. दुपारची तमिळनाडू एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला टेकवते, पण त्या दिवसांत उत्तरेत धुकं असतं आणि गाडी लेट होते, म्हणून ज्या दिवशी पोचायचं त्याच दिवशी दुपारच्या एखाद्या चर्चेचा बेत अजिबात ठेवू नका. नवी दिल्ली स्टेशनवरून येलो लाइनने केंद्रीय सचिवालय, तिथून व्हायोलेटने कालकाजी मंदिर, मग मजेंटा लाइनवर एकच स्टेशन, ओखला एनएसआयसी. पाठीवरची मोठी बॅग मुक्कामावरच ठेवा, वळताना कोणाच्या तरी शिल्पाला लागते. स्वेटर लागतो. बूट मऊ घाला. बस.

आत गेल्यावर

नकाशा घ्या, पहिला एक तास कुठेही न थांबता सगळ्या तंबूंमधून चालत सुटा. थांबावंसं वाटलेल्या बूथचा नंबर फक्त लिहून ठेवा. मग चहा घ्या आणि त्या यादीतले सात-आठ बूथ निवडा, बाकीचे सोडून द्या. सोडायला जीव होत नाही माहीत आहे, तरी सोडा.

बूथवर उभं राहणं आणि तोंड उघडणं

इथे सगळे अडकतात. मलाही हाच भाग सगळ्यात जड गेला आणि बरीच वर्षं गेला. पांढऱ्या भिंती, टेबलामागे लॅपटॉप उघडून बसलेली इंग्रजी बोलणारी मंडळी, आजूबाजूला सगळे ओळखीचे असल्यासारखे गप्पा मारतात आणि आपण दोन मिनिटांत फोटो काढून सटकतो. याच्यावर उपाय आहे पण तो "आत्मविश्वास ठेवा" हा नाही. त्या वाक्याने आजपर्यंत कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. उपाय म्हणजे काय करायचं त्याचा क्रम ठरलेला असणं.

आधी काम बघा, लेबल नाही. हे कडक पाळा. नाव वाचलं की आपण नाव बघायला लागतो, ऐकलेलं नाव असलं तर आपोआप भारी वाटतं, नसलं तर पाय पुढे निघतात. काही मिनिटं नुसतं उभं राहा. जवळ जा, मग लांब या, बाजूने उजेड पडतो तिथून बघा, रंगाचा थर कुठे जाड आहे, कुठे खरवडलाय, कागद आहे की कॅनव्हास. अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडेंचं काम कधी समोर आलं तर हे पटेल. ते 1924 साली आपल्या नागपुरातच जन्मले, पुढे मुंबई आणि दिल्लीत काम केलं, 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. मोबाइलच्या फोटोत तो एक हिरवा किंवा पिवळा चौकोन दिसतो, समोर उभं राहिलं की मागचे थर हळूहळू वर यायला लागतात आणि त्याला वेळ लागतोच. फोटो काढून घरी निवांत बघा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की घरी ते चित्र येतच नाही, त्याचा फोटो येतो.

मग लेबल. कलाकार, वर्ष, माध्यम, माप. छापचित्र (कोरलेल्या प्लेटवरून किंवा लाकडावरून मोजक्या प्रती छापलेलं चित्र) किंवा फोटो असेल तर खाली 3/10 असं काही दिसेल, म्हणजे दहा प्रतींमधली तिसरी. एपी लिहिलं असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी काढलेली जास्तीची प्रत. कामाशेजारी लाल ठिपका असेल तर विकलं गेलं, पण ठिपका नाही म्हणजे शिल्लक आहेच असं समजू नका, कोणीतरी होल्डवर ठेवलेलं असू शकतं.

आता बोलायचं. पहिला प्रश्न किंमतीचा विचारला तरी चालतो. किंमत विचारणं वाईट दिसतं हा सल्ला कोणी काढला माहीत नाही, अहो बाजार आहे, विकायलाच आलेत ते, बहुतेक ठिकाणी किंमत भिंतीवर लिहिलेली नसते त्यामुळे विचारल्याशिवाय कळणारच नाही. हिंदीत विचारा, काही बिघडत नाही, मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये मराठी माणूसही भेटतो. पण मला विचाराल तर पहिला प्रश्न हा असू द्या की हे केलंय कसं. कागद कुठला, किती वेळा छापलं, हा रंग कशाचा. या एका प्रश्नाने टेबलामागचा माणूस उठून भिंतीपाशी येतो, कारण दिवसभर सगळ्यांनी त्याला एकतर किंमत विचारलेली असते नाहीतर संडास कुठे ते. खूपदा कलाकार तिथेच आसपास असतो, मग त्यालाच बोलावतात, आणि तिथून पुढे मिळणारी पंधरा मिनिटं कुठल्या कॉलेजात मिळत नाहीत.

एक सक्त ताकीद. न घेणारे असाल तर घेणारे असल्याचं नाटक करू नका. "मी नागपूरवरून आलोय, शिकतोय, घेणार नाही पण समजून घ्यायचंय" असं सरळ सांगा. लोक चांगले वागतात. एखादा नाही वागला तर पुढच्या बूथवर जा, वाईट वाटून घेऊन दिवस घालवू नका. समोर खरा गिऱ्हाईक उभा असेल तर मात्र बाजूला व्हा आणि नंतर या, रविवारी दुपारनंतर गर्दी असते, शनिवारी दार उघडल्या उघडल्या पहिले दोन तास बोलायला सगळ्यात बरे.

आणि स्वतःचा पोर्टफोलिओ बूथवर उघडू नका. कृपा करून नका उघडू. मी चांगल्या हाताची पोरं टेबलावर फाइल पसरताना पाहिली आहेत आणि समोरच्याची नजर त्याच क्षणी विझताना पाहिली आहे. त्या चार दिवसांत गॅलरीचा भाड्याचा आणि वाहतुकीचा खर्च निघायचा असतो, तुमचं काम बघायला त्यांच्याकडे डोकं रिकामं नसतं. कार्ड घ्या, कोणाशी काय बोललात ते मागे लिहा, आणि फेअर संपून दोन-तीन आठवडे झाले की मेल करा, त्यात त्या बोलण्याचा उल्लेख करा. सोबत पाच-सहा कामांची छोटी पीडीएफ, पन्नास पानांची नाही.

आपण नागपूरचे म्हणजे लांबचे, बाहेरचे, असं मनात असेल तर तेही काढून टाका. चित्रकार सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातले, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि मग मुंबईत 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांमध्ये होते. त्यांचं काम बूथवर दिसलं तर तिथल्या माणसाला हे सांगा, गप्पा आपोआप सुरू होतात.

चर्चा, परफॉर्मन्स आणि शहरातले कार्यक्रम

फेअरच्या तिकिटात भिंतींइतकंच मोल चर्चांना आहे आणि लोक त्या सोडून देतात. वेळापत्रक आधी येतं, त्यातल्या रोज एक किंवा फार तर दोन निवडा, खुर्च्या भरतात म्हणून वीस मिनिटं आधी जाऊन बसा. पॅनेलवर चार-पाच जण असतील त्यापेक्षा एक कलाकार आणि एक विचारणारा अशी जोडी असेल ती निवडा, चार जणांत कोणाचंच बोलणं पूर्ण होत नाही.

त्या आठवड्यात सगळी दिल्लीच जागी असते. डिफेन्स कॉलनी आणि लाडो सरायच्या गॅलऱ्यांमध्ये नवीन प्रदर्शनं लागतात आणि तिथे तिकीट नसतं, गर्दीही कमी. ज्यांना फेअरचं तिकीट जड जातं त्यांनी एकच दिवस फेअर करावा आणि बाकी दिवस या गॅलऱ्या फिराव्यात. लोधी कॉलनीच्या सरकारी क्वार्टरांच्या भिंतींवरची मोठी चित्रं सकाळी उजेडात बघा. जयपूर हाऊसचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय चुकवू नका, अमृता शेरगिलची इतकी चित्रं एका ठिकाणी दुसरीकडे मिळत नाहीत. साकेतचं किरण नाडर म्युझियमही बघा. दोन्ही सोमवारी बंद, त्यामुळे रविवारी फेअर संपवून सोमवारी म्युझियम हा बेत फसतो. शुक्रवारी म्युझियम आणि शनिवार-रविवार फेअर असा क्रम लावा.

घ्यायचंच ठरलं तर

पहिलं काम छापचित्र घ्या, एचिंग (धातूच्या प्लेटवरून) किंवा वुडकट (कोरलेल्या लाकडावरून), कलाकाराच्या हाताने छापलेलं आणि सही केलेलं. मूळ चित्राचा फोटो काढून मशीनवर काढलेली प्रत ही वेगळी गोष्ट आहे, विचारून खात्री करा. किंमतीत जीएसटी धरलाय का, फ्रेम धरलीय का, सर्टिफिकेट कधी मिळेल, पॅकिंगचे वेगळे लागतात का, हे चारही प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे. हप्ते चालतात का हेही विचारा, बरेचदा चालतात. जुन्या मोठ्या नावाचं काम कोणी स्वस्तात देत असेल, विशेषतः बंगालचे चित्रकार जामिनी रॉय यांचं, तर ते आधी कोणाकडे होतं याचे कागद मागा आणि नसतील तर निघा. रॉय, शेरगिल, रवि वर्मा अशा नऊ कलाकारांची कामं 1972 च्या कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत, मागणी मोठी आणि नकलाही तितक्याच.

कागदावरचं काम फ्रेमशिवाय सपाट पॅक करून घ्या, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, गाडीत ते बर्थवर स्वतःजवळ ठेवा, सीटखाली नाही. फ्रेम इथे आल्यावर करा आणि फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (कागद पिवळा न पाडणारा पुठ्ठा) लागेल असं आधी सांगा, त्याच्याकडे नसेल तर मागवायला लावा. आणि आपल्या उन्हाळ्याचं बघा. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, ती एप्रिल-मेमध्ये आतून तापते. कूलरच्या समोरच्या भिंतीवर तर कधीच नाही, दिवसभर ओली हवा कागदावर बसते, कागद फुगतो आणि पावसाळा संपेपर्यंत त्यावर पिवळे-तपकिरी ठिपके आलेले असतात, ते सहजासहजी जात नाहीत. कूलरच्या खोलीशिवाय जागाच नसेल तर मार्च ते सप्टेंबर ते काम कोरड्या कपाटात आडवं ठेवा, दिवाळीला बाहेर काढा.