मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया पूर्वजाचे कोकणातले गाव कसे शोधावे

गाव हवे असेल तर आधी नंबर शोधा. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरलेल्या गिरमिटियाला, म्हणजे करारावर गेलेल्या मजुराला, एक क्रमांक मिळे आणि पुढची सरकारी नोंद त्याच क्रमांकाने होई. नाव पाच तऱ्हांनी लिहिलेले सापडते. नंबर तोच राहतो.

सुरुवात स्वतःच्या जन्मदाखल्यापासून करा. मग जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले काढत एकेक पिढी मागे जा. मधली पिढी गाळू नका. मॉरिशसमध्ये पूर्वजाचे नुसते नाव वंशजांचे आडनाव झाले, म्हणून एकच आडनाव लावणारी घराणी एकमेकांची कुणीही नसू शकतात. ज्या दाखल्यावर नावाशेजारी आकडा दिसेल, तिथे थांबा.

हे सगळे दाखले घेऊन मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जा. स्थलांतरितांची दप्तरे तिथे आहेत. नोंदीत जहाज, तारीख, वय, वडिलांचे नाव, जात, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जिल्हा मिळू शकतो. १८६०च्या दशकापासून पुढच्या काही नोंदींना फोटोही आहेत.

खरी चूक होते ती जिल्हा वाचताना. 'कोलाबा' म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे, अलिबागकडचा जुना कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड. 'रत्नागिरी' असेल तर मालवण, वेंगुर्लेही धुंडाळा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सावंतवाडी मात्र तेव्हा संस्थान होते, ते वेगळे लिहिलेले असते. नुसते 'बॉम्बे' दिसले तर ते बहुधा बंदर समजा, गाव नव्हे.

गावाचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवले आहे. ते मोठ्याने म्हणून पाहा. 'एल' असेल तिथे ल आणि ळ, 'एन'ला न आणि ण, 'टी'ला त आणि ट, 'डी'ला द आणि ड असे सगळे पर्याय कागदावर लिहा, मग तालुक्याच्या गावयादीशी ताडा.

एकाच नावाची दोन-तीन गावे निघाली, तर घरात टिकलेले कुलदैवताचे नाव निवाडा करते. त्या गावच्या गुरवाला आणि जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांना तेच विचारा. सातबाऱ्यावर पूर्वजाला शोधण्यात दिवस घालवू नका. हक्कनोंदणीचा कायदाच १९०३चा, आणि मुंबईहून गेलेले बहुतेक लोक त्याच्या कितीतरी आधी गेले होते.