जोडीने बेटावर जाताय? आधी किनारा ठरवा

बेटावरच्या सुट्टीबद्दल कुणालाही विचारा, सल्ला एकाच प्रश्नावर घुटमळतो: कोणतं बेट? मी आणि माझा नवरा गेली बरीच वर्षं जमेल तेव्हा अशी सुट्टी घेतो. माझं मत आता पक्कं झालंय की बेटाचं नाव दुय्यम आहे. त्या बेटाचा कोणता किनारा आणि कोणत्या महिन्यात, हे आधी ठरवा. सुट्टी तिथेच जमते नाहीतर फसते.

पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं, विमा हे तुम्ही बघालच.

रात्री मोजताना हात आखडू नका. एकाच जागी किमान सहा रात्री हव्यात. आठ दिवसांत तीन बेटं दाखवणारे कार्यक्रम मला अजिबात पटत नाहीत. त्यातले निम्मे दिवस बॅगा भरण्यात आणि धक्क्यावर बोटीची वाट बघण्यात जातात, आणि नेमकं तेव्हाच दोघांची भांडणं होतात.

आता किनाऱ्याकडे येते. पहिल्या खेपेला आम्ही बेट चांगलं निवडलं होतं, महिनाही कोरडा होता. खोली पाण्यापासून वीस पावलांवर. पोहोचलो तेव्हा संध्याकाळ होती, भरती होती, लाटा पायरीला लागत होत्या. सकाळी पडदा सरकवला तर समोर समुद्रच नव्हता! अर्धा किलोमीटर नुसता शेवाळलेला खडकाळ तळ आणि पार पलीकडे लाटांची पांढरी रेघ. पाण्यापर्यंत चालत जाऊ म्हणून नवरा अनवाणी निघाला आणि शंभरेक पावलांवर त्याचा पाय सी अर्चिनवर, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या समुद्री प्राण्यावर पडला. टाचेत सात काळे काटे. पेन्सिलीच्या शिशासारखे ठिसूळ, चिमट्यात धरले की मोडायचे. दुपारी पाणी परत आलं, पण सोबत वारा घेऊन. पुस्तकाची पानं तळहाताने दाबून धरावी लागत, वाळू डोळ्यांत जाई. चार दिवस आम्ही खोलीत बसून एकमेकांवर चिडचिड केली. शेवटच्या दिवशी गाडी करून बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. पाऊण तासाच्या अंतरावर पाणी तळ्यासारखं निवांत पडलं होतं. तिथली माणसं दुपारीही गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून गप्पा मारत होती. त्या दृश्याने मला रडू आलं.

तेव्हापासून खोली ठरवण्याआधी मी तीन गोष्टी तपासते, आणि त्यांचा क्रम बदलत नाही.

पहिली, वारा. उष्ण कटिबंधात व्यापारी वारे उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून येतात. म्हणजे पुष्कळ बेटांची एक बाजू सतत वाऱ्यावर असते आणि दुसरी डोंगराच्या आडोशाला. मॉरिशसमध्ये जून ते सप्टेंबर पूर्वेचा बेल मार वाऱ्याने हैराण करतो, तेव्हा पश्चिमेचा फ्लिक-आं-फ्लाक बराच शांत असतो. डोंगर उंच असेल तर पाऊसही असाच वाटला जातो. हवाईतल्या काउआई बेटावरच्या वायलेआले शिखरावर वर्षाला सरासरी ९,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून साधारण २० किलोमीटरवरचा दक्षिणेकडचा पोइपू किनारा कोरडा, उन्हाचा. ‘त्या बेटावर फार पाऊस असतो’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कोणत्या बाजूला?

वारा ओळखायची माझी सोपी खूण म्हणजे काइटसर्फिंग, पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकायचा खेळ. ज्या किनाऱ्यावर त्याचे वर्ग चालतात, तिथे त्या मोसमात वारा असणारच, नाहीतर त्यांचा धंदा चालला नसता. झांझिबारचं पाजे, मॉरिशसचं ल मोर्न ही अशीच ठिकाणं. खेळायला उत्तम, पण शेजारी आडवं पडून वाचत बसायला तिथे जाऊ नका.

दुसरी गोष्ट मोसमी पावसाची. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचं वेळापत्रक उलटं असू शकतं. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या फुकेतला मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा मारा असतो. थायलंडच्या आखातातल्या कोह सामुई बेटाला सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतो. ‘नोव्हेंबरात थायलंड छान’ हा सल्ला फुकेतला लागू पडतो, सामुईला नाही. बालीत तर पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, पश्चिमेचे वारे कुटाच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचा कचरा आणून टाकतात. कॅरिबियन बेटांवर २०११पासून सरगॅसम नावाच्या तपकिरी सागरी शेवाळाचे ढीग लागू लागले आहेत, मुख्यतः अटलांटिककडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर आणि उन्हाळ्याच्या आगेमागे. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जाहिरातीच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट ओहोटी, जिने आम्हाला धडा शिकवला. प्रवाळाच्या कठड्याआड उथळ पाणी असलेले किनारे भरतीला स्वर्गासारखे दिसतात आणि ओहोटीला रिकामे होतात. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे-जांबियानीला, पाणी शेकडो मीटर मागे जातं. उत्तरेच्या नुंग्वी आणि केंद्वाला दिवसभर पोहता येतं. आपल्या अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे २०१८पर्यंतचं हॅवलॉक, तसंच आहे: पश्चिमेचा राधानगर पोहायला सुरेख, तर पूर्वेच्या विजयनगरला ओहोटीत खडक आणि प्रवाळ उघडे पडतात.

हे घरबसल्या कळतं. उपग्रहाच्या नकाशावर तो किनारा मोठा करून बघा. फिकट निळा, एकसारखा रंग म्हणजे खाली वाळू. तपकिरी-काळपट ठिगळं म्हणजे प्रवाळ, खडक किंवा समुद्री गवत. लाटांची पांढरी रेघ किनाऱ्यापासून फार लांब असेल तर मधला पट्टा उथळ आहे असं समजा. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, तेही तुम्ही जाणार त्याच महिन्यातले. हॉटेलला सरळ विचारा, ‘पूर्ण ओहोटीला तुमच्यासमोर पोहता येतं का?’ उत्तरात ‘आमचा पोहण्याचा तलाव फार सुंदर आहे’ असं आलं तर दुसरी जागा बघा.

तारखा ठरवतानाही चंद्र बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, चढउतार कमी. उथळ किनाऱ्यावर जायचंच असेल तर मुक्काम अष्टमीभोवती बसवा.

समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी एवढं सगळं करा. चुकीच्या बाजूच्या महागड्या खोलीपेक्षा बरोबर बाजूची मागच्या गल्लीतली साधी खोली मी कधीही घेईन.

शेवटच्या टप्प्याचा प्रवास दिवसाउजेडी होईल असा आखा. मालदीवची सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, अंधार पडल्यावर उडत नाहीत, त्यामुळे विमान संध्याकाळी उतरलं तर पहिली रात्र मालेच्या आसपास काढावी लागते.

बॅग हलकी ठेवा, पण रबरी तळाचे पाण्यातले बूट दोघांचेही घ्या. सनस्क्रीन घेताना घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईत १ जानेवारी २०२१पासून बंद आहे, पलाऊमध्ये २०२०पासूनच प्रवाळाला घातक सनस्क्रीनवर बंदी आहे.

पोहोचल्यावर पहिला दिवस कोरा ठेवा. सहली, मसाज, डायव्हिंग काही नको. सकाळी दहा ते तीन सावलीत राहा. पहिल्याच दिवशी पाठ भाजली की पुढच्या चार रात्री कुशीवर वळता येत नाही.

जोडीदाराशी एक बोलणं मात्र निघण्याआधीच करून घ्या: तुझा आराम म्हणजे काय? माझा आराम म्हणजे पुस्तक आणि सावली. नवऱ्याला दोन तास हातपाय हलवल्याशिवाय आराम वाटत नाही. आधी मी त्याला बळेच शेजारी बसवायचे, तो अर्ध्या तासात चुळबुळायला लागायचा आणि मला अपराधी वाटायचं. आता सकाळचे दोन तास ज्याचे त्याचे असतात. तो स्नॉर्केलिंग करून केस निथळत परत येतो, खाटेच्या कडेला बसून काय काय दिसलं ते सांगत सुटतो, आणि मी पुस्तक मिटून ऐकते. दिवसातली माझी ती सगळ्यात आवडती वेळ आहे. पण तो पाण्यात एकटा जात नाही. गटाबरोबर किंवा वाटाड्याबरोबरच जातो, ही माझी अट आहे.

पाण्याने आत ओढलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा, मग वळा. हे दोघांनाही माहीत हवं.

भरती-ओहोटीच्या वेळा पहिल्या संध्याकाळी कागदावर लिहून आरशाला चिकटवा. त्या रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे पोहायची वेळही रोज सरकवा. विषुववृत्ताजवळ बऱ्याच ठिकाणी सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि पाठोपाठ अंधार पडतो, म्हणून सूर्यास्त बघायला पाचलाच वाळूवर जाऊन बसा.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्याच बेटावर या, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. एकापेक्षा जास्त वेळा डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या बुडीनंतर उड्डाणाआधी किमान १८ तास जाऊ द्या.