जुन्या जेट स्कीचा कार्बोरेटर खोलताय? आधी या चुका टाळा

पावसाळाभर ताडपत्रीखाली पडलेली जुनी टू-स्ट्रोक जेट स्की बाहेर काढली, सेल्फ मारला, चालू तर झाली पण रेस दिली की घुसमटतेय, मग आपण लगेच पाना घेऊन कार्ब खोलायला बसतो. जरा थांबा, आधी प्लग काढून कॉम्प्रेशन बघा. दोन सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर दुखणं बहुतेक पिस्टन-रिंगचं असतं, कार्ब दहादा धुवा नाहीतर नवा टाका, काही उपयोग नाही.

बाइकचा मेकॅनिक हा कार्ब खोलून फ्लोट शोधत बसतो, यात फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नसतोच हो. 90 च्या दशकातल्या सीडू, यामाहाच्या जेट स्कीत बहुतेक मिकुनी कंपनीचा डायफ्रामवाला (पातळ लवचिक पडद्याचा) कार्ब असतो, पेट्रोलचा पंप त्याच्याच पोटात, आणि तो चालतो क्रँककेसमधून येणाऱ्या पल्सवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या ठोक्यांवर. ती पल्सची नळी चिरलेली असेल तर कितीही भारी रिपेअर किट टाका, पेट्रोल वर चढत नाही.

माझी चूक सांगतो, महागात पडलेली. कार्ब चकाचक केला, पेट्रोलचे पाइप मात्र जुनेच ठेवले, ते करडे पाइप आतून विरघळून हिरवा चिकट गाळ सोडतात आणि तो कार्बच्या आतल्या नखाएवढ्या जाळीत जाऊन बसतो. पंधरा दिवसांत जाळी परत चोंदली, पेट्रोल कमी पडायला लागलं, आणि टू-स्ट्रोकला पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापून जाम. माझा झालाच!! त्यामुळे पाइप आधी, कार्ब नंतर, आणि हो, ऑन-रिझर्व्हचा कॉक पण उघडून बघा, गाळ तिथेही असतो. नवे पाइप घेताना इथेनॉल चालणारेच घ्या, ई-20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) जुन्या रबराची वाट लावतं.

डायफ्राम आत असताना कार्ब क्लीनर मारू नका, हवा पण मारू नका. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घालायचा मोह आवरा, भोक किंचित मोठं झालं तरी मिक्श्चर बिघडतं. स्वस्त किटमधली स्प्रिंग वेगळ्या ताकदीची निघते आणि मग पॉप-ऑफ प्रेशर, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची सुई ज्या दाबाला उघडते तो, चुकतं, मी तर जुनी धड असेल तर तीच परत बसवतो. कोणता थर कशावर होता त्याचे मोबाइलवर फोटो काढा, नंतर आठवत नाही, पैज लावा.

ऑइल पंपाची केबल लावताना खुणेला खूण जुळली का बघा. ऑइल कमी गेलं की परत तेच, पिस्टन.

बाहेर टेस्ट करताना आधी इंजिन चालू, मग इंजिन थंड ठेवायला जोडलेल्या होजचं पाणी सोडायचं, बंद करताना आधी पाणी मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरमध्ये जातं. आणि फ्लेम अरेस्टर (कार्बच्या तोंडावरची, आग बाहेर येऊ न देणारी जाळी) काढून ठेवून "जरा बघतो" म्हणत स्टार्टर दाबू नका, खाली हलमध्ये, म्हणजे जेट स्कीच्या पोटात, पेट्रोलची वाफ साठलेली असते, सीट उघडी टाकून ती आधी जाऊ द्या.