रिले तडतडतोय? कंपॅरेटरच्या हिस्टेरिसिसमधल्या या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडे संध्याकाळचा उजेड बराच वेळ धड जातही नाही आणि टिकतही नाही. अंगणातल्या एलडीआरवाल्या (उजेडाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरवर चालणाऱ्या) दिव्याचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, तेव्हाच तडतडतो, आणि लोक आधी आयसी बदलतात. आयसी बहुधा ठणठणीत असतो. कमी पडतो तो हिस्टेरिसिस: कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी, ज्या दोन पातळ्यांना (थ्रेशोल्ड) पलटतो त्यांच्यातला फरक.

दुरुस्तीला येणारा ठरलेला बोर्ड पाहा. १२ व्होल्ट सप्लाय, एलएम ३९३ हा कंपॅरेटर, प्लस पिनवर १० के-१० केचा (के म्हणजे किलोओहम) रेफरन्स, म्हणजे तुलनेचं व्होल्टेज, आउटपुटपासून त्याच पिनला १०० केचा फीडबॅक. कागदावर आउटपुट वर असताना थ्रेशोल्ड ६.२९ व्होल्ट, खाली असताना ५.७२. अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक, म्हणजे पुरेसा. पण ३९३चं आउटपुट ओपन कलेक्टर. ते आपण होऊन वर जात नाही, सप्लायला जोडलेला रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, त्याला वर ओढतो. इथे पुल-अप १० के आणि पुढे ४.७ केमधून रिले चालवणाऱ्या बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. बेस ०.७ व्होल्टला धरून ठेवतो, त्यामुळे आउटपुट जेमतेम ४.३पर्यंत चढतं. वरचा थ्रेशोल्ड ५.९२वर येतो आणि फरक उरतो ०.२ व्होल्ट. रिले व्यवस्थित ओढला जातो, म्हणून इथे कुणी मीटर लावतच नाही.

पुल-अप २.२ के आणि बेसला १० के घाला. आउटपुट १० व्होल्टच्या आसपास जातं, फरक ०.४७वर येतो. घाईत १ के ठोकू नका: १२ मिलिअँपिअर खेचावे लागतात, ३९३ची हमी ६ची आहे. हिशेब आउटपुटवर लोड जोडून, मोजलेल्या व्होल्टेजवरूनच करा.

दुसरी चूक प्रीसेटची, म्हणजे फिरवून रोध बदलायच्या रेझिस्टरची. १० केचा प्रीसेट रेफरन्सला लावला, तर मधोमध त्याचा रोध २.५ केच दिसतो, आणि हा रोध जितका कमी तितका फरक कमी. आउटपुट पूर्ण १२पर्यंत गेलं तरी फरक ०.३च्या आत. टोकाकडे फिरवत नेलं की हिस्टेरिसिस जवळपास संपतो. प्रीसेट एलडीआरच्या बाजूला घ्यावा, रेफरन्स पक्का ठेवावा.

फीडबॅक मायनस पिनला गेला तर हिस्टेरिसिस मिळतच नाही.

३९३ऐवजी एलएम ३५८ हा ऑप-अँप लावला असेल तर आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. ते धरूनच हिशेब करा.

०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या सप्लायच्या पायांना चिकटून हवा, बोर्डच्या कोपऱ्यात नको.

लागलेल्या दिव्याचाच उजेड एलडीआरवर पडत असेल, तर रेझिस्टर बदलत बसू नका. एलडीआर हलवा.