लाटेकच्या कामाला माणसं हवीत: नव्याने येणाऱ्यांसाठी चार गोष्टी

लाटेक (मजकुरात आज्ञा लिहून त्यातून छापायची पानं तयार करणारं सॉफ्टवेअर) वापरता येणं वेगळं आणि लाटेक सुधारायच्या कामात हातभार लावणं वेगळं, हे आधीच सांगते, म्हणजे मग कुणी अर्ध्यात निराश व्हायला नको. पण यातलं दुसरं काम फार हुशार माणसांचंच आहे असा जो समज आपल्याकडे आहे ना, तो साफ चुकीचा आहे. मी कुडाळला डीटीपीचं दुकान चालवते, लग्नपत्रिका, स्मरणिका, आरतीसंग्रह आणि क्लासवाल्यांच्या गणिताच्या प्रश्नपत्रिका. त्या प्रश्नपत्रिकांमुळेच लाटेककडे आले, आणि तिथूनच हळूहळू चुका कळवणं, नवीन व्हर्जन तपासणं असल्या कामात शिरले. प्रोग्रामिंग मला आजही जेमतेमच येतं. पुढे तीन शब्द सारखे येतील: प्रिअँबल म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा सेटिंगचा भाग, पॅकेज म्हणजे जादा सोयींची जोडणी आणि कंपाइल म्हणजे त्या फाइलमधून पीडीएफ बनवणं.

माणसं का हवीत ते थोडक्यात. मूळ टेक डोनाल्ड नूथ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी लिहायला घेतलं आणि ते कधीच गोठवलंय, त्यात नवीन काही घालायचं नाही, फक्त चूक सापडली तर दुरुस्त करायची, आणि तेसुद्धा ते काही वर्षांच्या अंतराने एकदम बसून बघतात. २०२१ ला झालं, आता पुढचं २०२९ ला. व्हर्जनचा नंबर गणितातल्या पायच्या (३.१४...) जवळ जवळ सरकत जातो ते यामुळेच. पण आपण रोज वापरतो ते लाटेक त्याच्यावर उभं आहे, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी ऐंशीच्या दशकात केलेलं, आणि आत्ताचं जे रूप आहे ते १९९४ पासूनचं. ते सांभाळणारी टीम अगदी छोटी आहे. आणि सीटॅनवर, म्हणजे पॅकेजेस ठेवलेल्या वेबसाइटवर, जी हजारो पॅकेजेस आहेत त्यातली बरीचशी कुणीतरी एकट्याने नोकरी-घर सांभाळून लिहिलेली आहेत, तो माणूस थकला किंवा त्याचा विषय बदलला की पॅकेज तसंच पडून राहतं. त्यात मराठी वाचू शकणारी माणसं किती असतील विचार करा. जर्मनीत बसलेल्या माणसाला 'किनाऱ्यावर' हा शब्द पानावर बरोबर आलाय की नाही हे कळणार कसं? ते आपल्यालाच सांगावं लागणार.

आता तो सापळा, ज्यात मी चांगलीच अडकले होते. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नवीन येणारे दहातले आठ इथेच पडतात असं माझं मत झालंय.

एका गावच्या वाचनालयाची स्मरणिका होती. जुना मजकूर पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला, तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला आणि लाटेकमध्ये घातला. प्रूफ बघणारे काका, निवृत्त शिक्षक, त्यांनी पानावर लाल गोल केला. लेखात होतं 'डोंगर आणि दऱ्या', छापून आलं 'डोंगर आणि दर्या'. कोकणात हा फरक किती मोठा ते सांगायला नको, एक खाली डोंगराच्या पोटात आणि दुसरा समोर बंदराला. बाकी सगळं नीट, वेलांट्या जागेवर, जोडाक्षरं नीट, फक्त हे आणि असे शब्द गेलेले, 'वाऱ्याने'चं 'वार्याने', 'बिचाऱ्या'चं 'बिचार्या'. मी थेट फॉन्ट लोड करणाऱ्या पॅकेजच्या माणसाला कळवलं, अख्खी स्मरणिका जोडून. उत्तर आलं, छोटी फाइल पाठवा. मी छोटी फाइल केली, त्यात 'दऱ्या' शब्द टाइप केला, कंपाइल केलं, आणि शब्द बरोबर आला!

इथे नीट लक्ष द्या. मी शब्द नव्याने टाइप केला होता. स्मरणिकेतून कॉपी केला नव्हता. आणि चूक होती ती त्या कॉपी न केलेल्या मजकुरातच.

झालं होतं असं की 'दऱ्या'मधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा म्हणजे साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, मग य. दोन्ही पानावर सारखेच दिसतात. कन्व्हर्टरने दुसरा प्रकार वापरला होता, आणि नंतर फाइल 'साफ' करताना, म्हणजे डबल स्पेस वगैरे काढताना, ते अदृश्य चिन्ह पण उडालं. मग उरलं काय, र, हलन्त, य. त्याचा अर्थ रफार. म्हणजे फॉन्टने बरोबर केलं, इंजिनने (फाइलची पानं करणाऱ्या प्रोग्रामने) बरोबर केलं, पॅकेजचा तर काही संबंधच नाही, सगळ्यांनी त्यांना जे दिलं ते इमानदारीने छापलं. स्क्रीनवर जोडचिन्ह दिसतच नाही, त्यामुळे ते गेलेलंही दिसत नाही.

म्हणून छोटी फाइल करायची ती नव्याने टाइप करून कधीच नाही. मूळ फाइलची कॉपी घ्यायची आणि तिच्यातून कापत कापत जायचं. अर्धी उडवा, कंपाइल करा, चूक अजून आहे? अजून अर्धी उडवा. चूक गेली? मग नुकतं उडवलेलं परत आणा आणि दुसरं अर्धं उडवा. शेवटी चार ओळी उरतील आणि चूक तिथेच असेल. हे कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण चूक कळवणं म्हणजे नव्वद टक्के हेच. आणि शब्द संशयास्पद वाटला तर तो कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराचा युनिकोड नंबर, दाखवणाऱ्या एडिटरमध्ये टाकून एकेक अक्षर बघा, विम नावाच्या एडिटरमध्ये अक्षरावर कर्सर ठेवून जी आणि ए दाबलं की नंबर दिसतात.

यानंतर बिघाड कुठल्या पातळीवर आहे ते. घरातली लाईट गेली की आपण लगेच वायरमनला फोन करत नाही, आधी शेजाऱ्यांकडे आहे का बघतो, मग मेन स्विच, मग खांब. इथेही तसंच आहे. तोच मजकूर, तोच फॉन्ट, लिब्रेऑफिसमध्ये टाकून बघा. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, झीटेक (टेकचं एक इंजिन) हे सगळे अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाची एकच लायब्ररी वापरतात, लुआलाटेकमध्ये (लाटेक चालवायचा आणखी एक प्रकार) पण ती निवडता येते. लिब्रेऑफिसमध्येही तोच घोळ दिसला तर दोष मजकुराचा नाहीतर फॉन्टचा, लाटेकला त्रास देऊ नका. फॉन्ट बदलून बघा, शोभिका म्हणून आयआयटी मुंबईचा फॉन्ट आहे, टेक लाइव्हमध्येच (लाटेक आणि पॅकेजेसचा एकत्र संच) मिळतो, त्यात ठीक आलं तर पहिल्या फॉन्टवाल्यांना कळवा. लिब्रेऑफिसमध्ये नीट आणि लाटेकमध्ये वेलांटी भलत्याच ठिकाणी असेल तर बहुतेक वेळा तुम्ही फॉन्ट लोड करताना स्क्रिप्ट देवनागरी आहे हेच सांगितलेलं नसतं. ते सांगा, लँग्वेज मराठी पण सांगा, काही फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. लुआलाटेक असेल तर रेंडरर, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, हार्फबझ करा. एवढं करूनही चूक उरली तर पॅकेजेस एकेक काढत जा, कुठलं काढल्यावर जाते ते बघा, आणि त्याच पॅकेजच्या माणसाला लिहा. एकही बाहेरचं पॅकेज नसताना चूक येत असेल तरच ती खुद्द लाटेकची. ती कळवताना लेटेक्सबग (latexbug) नावाचं छोटं पॅकेज फाइलच्या अगदी वर घालायचं असतं, ते बघून सांगतं की बाबा यात तर अमुक पॅकेज आहे, त्याच्या माणसाकडे जा. हे टाळून रिपोर्ट पाठवू नका. पाठवलात तर समोरचा माणूस तुम्हाला तेच करायला सांगणार, आणि त्याचा तेवढा वेळ फुकट जाणार.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर सांगते, एकदा हात बसला की एवढं कापणं-तपासणं चहा होईपर्यंत होतं. खरंच.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. सिनिअरच्या थीसिसचा प्रिअँबल उचलून आणायचा, त्यात चाळीस पॅकेजेस, त्यातली निम्मी कशासाठी आहेत ते सिनिअरलाही माहीत नाही कारण त्याने पण त्याच्या सिनिअरकडून आणलेला, आणि मग त्यात चूक आली की लाटेक वाईट. असल्या फाइलवरून कुणालाच मदत करता येत नाही. एआयला विचारून मिळालेलं उत्तर पण तपासल्याशिवाय रिपोर्टमध्ये घालू नका, ते नसलेले ऑप्शन इतक्या आत्मविश्वासाने सांगतं की सांभाळणाऱ्या माणसाचा तास जातो तो ऑप्शन शोधण्यात. आणि फक्त ऑनलाइन प्रोफाइलवर कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन दिसावेत म्हणून रीडमी या माहितीच्या फाइलमधला एक स्वल्पविराम बदलून पाठवणाऱ्यांनी कृपा करून येऊ नये, त्यापेक्षा एक खरी चूक नीट कळवा, दुरुस्ती नाही जमली तरी चालेल.

मार्गदर्शकाचंही तसंच. मला भेटलेल्यांत दोन जाती. एक म्हणतो 'आधी टेकचं पूर्ण पुस्तक वाच, मग बोल'. त्याचं ऐकलं असतं तर मी अजून प्रस्तावनेतच असते. दुसरा प्रश्न विचारतो, इंजिन कुठलं, लॉगमध्ये (कंपाइल करताना बनणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये) काय आलंय, फॉन्ट बदलून बघितला का. हा दुसरा माणूस कोरडा वाटतो, कधी नमस्कार-चमत्कार पण नाही, पण तोच आपला गुरू. एका ओळीचं उत्तर आलं म्हणून रागावू नका, त्या माणसाने दिवसभर नोकरी करून रात्री तुमची फाइल उघडलेली असते.

'नाही' हे उत्तर तर बऱ्याचदा येईल. तुम्ही सुचवाल की मार्जिन असं असावं, डिफॉल्ट तसं असावं, आणि बरोबरही सुचवाल, तरी नाही म्हणतील. कारण कुणीतरी तीस वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल आजही तशीच छापली गेली पाहिजे यासाठी ते जीव टाकतात. जुन्या व्यवस्थेत काम करायचं तर हे स्वीकारावंच लागतं, आणि मला विचाराल तर त्यामुळेच मी तिच्यावर भरवसा ठेवते, दहा वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका उघडून फक्त तारीख बदलून देता येते मला.

इंग्रजीची भीती असेल तर ती पण सोडा. टीममधल्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नाहीच. काय केलं, काय यायला हवं होतं, काय आलं, तीन साधी वाक्यं, सोबत चार ओळींची फाइल आणि लॉग, बस.

आता इथून, म्हणजे सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, दापोली, जिथे कुठे असाल तिथून करता येण्यासारखी कामं. पूर्ण टेक लाइव्ह कित्येक जीबीचं आहे, पावसात लाईट आणि नेटवर्क दोघांचा भरवसा नसताना ते उतरवत बसू नका, छोटी स्कीम (कमी पॅकेजेसचा संच) टाका आणि लागेल ते पॅकेज टीएलएमजीआर या त्याच्याच कमांडने घ्या, किंवा कुणाकडून पेनड्राइव्हवर आणा. मग सगळ्यात सोपं काम, लाटेकची पुढची आवृत्ती यायच्या आधी तिचं चाचणीचं रूप टेक लाइव्हमध्ये येतं, कमांडच्या मागे डॅश डेव लावला की चालतं. तुमच्या जुन्या फाइल्स त्याच्यावर कंपाइल करा आणि आधीच्या पीडीएफशी ताडून बघा. फरक पडला तर कळवा. रिलीजच्या आधी सापडलेली चूक नंतर सापडलेल्या चुकीपेक्षा कितीतरी पट मोलाची असते.

दुसरं, ओळीच्या शेवटी शब्द तोडणं. मराठीचे हायफनेशनचे पॅटर्न आहेत, पण ते अक्षरांच्या नियमावर चालतात, शब्दाच्या अर्थावर नाही, त्यामुळे 'रत्ना-गिरी' असं तुटायच्या जागी 'रत्नागि-री' असंही तुटू शकतं. नियम तोडायची जागा फक्त शक्य आहे एवढंच सांगतो, चांगली की वाईट हे वाचणारा माणूसच सांगणार. असे खटकणारे शब्द गोळा करायला मला आमच्या प्रूफवाल्या काकांसारखी माणसं हवीत, त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नसला तरी चालेल, ते लाल पेनने खूण करतील, फाइल कुणी कॉलेजचा मुलगा करेल. माणसं जोडताना मला एक गोष्ट नक्की कळलीय, 'ओपन सोर्सला हातभार लावा' म्हटलं की कुणी येत नाही, 'काका, या दोन पानांत कुठे शब्द चुकीचा तुटलाय बघता का' म्हटलं की लगेच चष्मा लावतात.

तिसरं आणि आत्ता सगळ्यात महत्त्वाचं, टॅग्ड पीडीएफ. म्हणजे अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला मथळा कुठला, परिच्छेद कुठला, समीकरण कुठलं हे कळेल अशी पीडीएफ. लाटेकची टीम काही वर्षं याच मोठ्या कामावर आहे, आणि हजारो पॅकेजेसपैकी कुठली त्याच्याबरोबर नीट चालतात याची यादी ते ठेवतात. तपासायला माणसं कधीच पुरत नाहीत. तुम्ही रोज वापरता ते एक पॅकेज घ्या, टॅगिंग चालू करून लुआलाटेकवर छोटी फाइल चालवा, भाषा मराठी सांगा, आणि तयार पीडीएफमधून मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. 'विद्यार्थी'ची वेलांटी जागेवर राहिली का, अर्धा र टिकला का, ते अक्षरन् अक्षर बघा. बिघडलं असेल तर वर सांगितलं तसं कापत जा आणि कळवा, आणि कळवताना मजकूर मूळ फाइलमधूनच कॉपी करा.