अशोक विजयादशमीला घरादारासह सेवेला निघताना

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली ती 14 ऑक्टोबर 1956 रोजी, पण त्या दिवशी दसरा, म्हणजेच अशोक विजयादशमी होती, आणि जिथे ही दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटते ती दसऱ्याच्या तिथीला. म्हणून 2023 साली हा दिवस 24 ऑक्टोबरला आला, 2024 मध्ये 12 ऑक्टोबरला आणि 2025 मध्ये तर 2 ऑक्टोबरलाच. दसरा लवकर आला की परतीचा पाऊस धरून चालायचं, ताडपत्री आणि सुतळी हवीच. उशिरा आला की पहाटे अंगावर शाल लागते आणि दुपारी ऊन डोकं तापवतं. अर्धी यादी तारखेवरूनच ठरते.

आमचं घर नागपुरातच, रामेश्वरीकडे. सासूबाई, आम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा असे पाच जण दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पाणी, खाऊ द्यायला, म्हणजे सेवेला उभे राहतो. यंदा ओळखीच्या तीन-चार घरांनी विचारलं, “लेकरांना घेऊन आम्हालाही यायचं आहे, काय काय लागते?” त्यांच्यासाठी हे लिहून काढते आहे.

सामान काढण्याआधी घरात बसून एक बोलून घ्या. येतात ती माणसं आपल्या गावात आलेले पाहुणे आहेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तर प्रदेशातून, कोणी तेलंगणातून, रात्रभर जनरल डब्यात उभं राहून येतं. तिकिटाचे पैसे वर्षभर साठवलेले असतात, भाकर घरूनच बांधून आणलेली असते. घरी पाहुणा आला की आपण जे करतो तेच रस्त्यावर करायचं आहे. मुलांच्या मनात हे नीट बसलं की पाणी कसं द्यायचं, कोणाशी कसं बोलायचं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

महिनाभर आधी वस्तीतल्या बुद्ध विहारात जाऊन या. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातल्या धम्मवाचनाचे दिवस असतात, संध्याकाळी वाचनाला माणसं जमलेलीच असतात. पहिल्याच वर्षी स्वतःचा मंडप टाकायला जाऊ नका. मंडप म्हटला की परवानगी आली, वीज आली, पाण्याचा टँकर आला, रात्रीची राखण आली. एका घराचं ते काम नाही. जे मंडळ दरवर्षी सेवा देतं त्यांना दोन गोष्टी विचारा: तुमचा स्टॉल कुठे असतो, आणि कोणत्या वेळेला तुम्हाला माणसं कमी पडतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं.

आम्हाला उत्तर मिळालं होतं, पहाटे पाच ते दहा. ते किती खरं आहे हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं. दुपारी बाराला लक्ष्मीनगरकडून या, काछीपुऱ्याकडून या नाहीतर रहाटे कॉलनीकडून, पावलापावलावर कोणीतरी जेवण घेऊन उभं असतं. पुरी-भाजी, खिचडी, बुंदी, कशाचीच कमी नसते. पण माणसं आदल्या दिवसापासून आलेली असतात, मैदानात आणि फुटपाथवर चटया टाकून झोपलेली असतात. उठल्यावर त्यांना तोंड धुवायला पाणी लागतं, घोटभर चहा लागतो, तान्ह्या लेकराच्या दुधात घालायला कोमट पाणी लागतं, आणि नेमके त्या वेळी रात्रभर राबलेले सेवेकरी झोपलेले असतात. अशीच दुसरी वेळ संध्याकाळी सातनंतरची, परतीची माणसं अजनी स्टेशनकडे पायी निघतात तेव्हाची. घरात लहान लेकरं असतील तर पहाटेची वेळ मागून घ्या. ऊन चढायच्या आत त्यांना घेऊन परतता येतं.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण जेवणाचा विचार सगळेच करतात आणि पाणी गृहीत धरतात. हिशोब वरवर सोपा दिसतो: 20 लिटरच्या कॅनमधून 200 मिलीचे 100 ग्लास. पण आमच्या अनुभवात एक कॅन तीस-पस्तीस माणसांतच रिकामा होतो. माणूस एक ग्लास पितो, दुसरा मागतो, आणि मग पिशवीतून रिकामी बाटली काढतो. ती भरून द्यायचीच, कारण पुढचा प्रवास त्यांना त्याच पाण्यावर करायचा असतो. म्हणून दोन नरसाळी न विसरता घ्या, एक रुंद तोंडाचं, एक बारीक नळीचं. नरसाळं नसलं की निम्मं पाणी जमिनीवर जातं आणि तासाभरात पायाखाली चिखल होतो. तोटीचे कॅन मिळाले तर उत्तम. साध्या पिंपातून पाणी काढायचं तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. ग्लास पाण्यात बुडवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून लेकरांना सांगून ठेवा.

ग्लास स्टीलचेच, आणि किमान साठ. प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या ताट-ग्लासांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि कागदी ग्लास घेतले तर त्यांचा ढीग बघता बघता गुडघ्याला लागतो. साठ ग्लास एका घरात नसतात, चार घरांचे गोळा करा. प्रत्येक घराच्या ग्लासांना तळाशी वेगळ्या रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावा, परत करताना घोळ होत नाही. धुवायला तीन टब हवेत: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साधं. तिसरा टब दर अर्ध्या तासाने बदलायचा. त्यासाठी वापरायचं पाणी वेगळं भरून ठेवा, पिण्याच्या कॅनला हात लावू नका.

आणि ग्लास कमी पडले म्हणून कोणाच्या ओंजळीत वरून धार धरायची नाही. हा सासूबाईंचा नियम आहे, आमच्या घरात तो मोडत नाही. वरून ओंजळीत पाणी ही शिवाशिवीची रीत होती. सासूबाईंच्या आईने गावच्या विहिरीपासून लांब उभं राहून असंच पाणी घेतलं आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्या तळ्याचं पाणी प्यायले, त्यामागे हेच दुःख होतं. एका वर्षी सगळे ग्लास धुवायला गेलेले, रांग वाढलेली, तेव्हा माझ्या मुलीने घाईत मग्गा उचलून एका म्हाताऱ्या बाईच्या ओंजळीवर धरला. सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी मुलीच्या हातातला मग्गा काढून खाली ठेवला, टबातून एक ग्लास उचलला, झटकला, पदराने बाहेरून कोरडा केला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. “घ्या जी माय.” त्या बाईंच्या मनगटात हिरव्या काचेच्या दोनच बांगड्या होत्या आणि पायांना रस्त्याची धूळ पोटऱ्यांपर्यंत चढली होती. त्यांनी ग्लास रिकामा केला, सासूबाईंच्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, “जयभीम बाई.” त्या वर्षापासून ग्लास मोजायचं आणि घरोघरून आणायचं काम मुलीने स्वतःकडे घेतलं आहे.

जेवणाबाबत माझं स्पष्ट मत आहे: घरून शिजवून नेऊ नका. आमचीच चूक सांगते. एकदा रात्री दोन वाजता खिचडी शिजवली आणि गरम गरम झाकणाच्या ड्रममध्ये भरली. सकाळी आठला झाकण काढलं तर आंबूस वास आला. चाळीस माणसांचं अन्न टाकावं लागलं, आणि त्यातले डाळ-तांदूळ वस्तीतल्या बायांनी घरटी मूठ-मूठ जमवून दिलेले होते. शिजलेला भात दोन तासांच्या आत माणसाच्या पोटात गेला पाहिजे. करायचाच असेल तर मंडळाच्या चुलीवर, जागेवर, माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरून, आणि एकच मोठा गंज (पातेलं) चढवण्यापेक्षा लहान गंजात तीनदा. सांबार (कोथिंबीर) निवडणं, वाटाणे सोलणं ही कामं आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून बसून करता येतात. वाढायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. नुसत्या घरापुरती सेवा द्यायची असेल तर फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुर्रा (मुरमुरे) आणि केळी न्या. ते आंबत नाही, प्रवासात बांधून देता येतं, आणि लहान लेकरूही स्वतःच्या हाताने वाटू शकतं. चहा नेणार असाल तर एक थर्मास बिनसाखरेचा ठेवा, मागणारे बरेच असतात.

लेकरांना दिखाऊ काम देऊ नका. त्यांना लगेच कळतं. आमचा दुसरीतला केळी वाटतो आणि सालींसाठी गोणपाट धरून उभा राहतो. गर्दीत पुढे जाऊन “काका, साल इथं टाका जी” म्हणायला त्याला मनापासून आवडतं. दीड-दोन तास झाले की त्याला मागे चटईवर झोपवायचं. त्याची शाल, सुका खाऊ आणि पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत असते, त्या पिशवीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

गर्दीत लेकरू हरवण्याची भीती खरी आहे. 1956 साली दीक्षेला माणसं पांढरी वस्त्रं घालून आली होती आणि आजही नजर जाईल तिकडे पांढरंच दिसतं. त्यात पांढऱ्या सदऱ्यातलं आपलं पोर दोन पावलांवरून ओळखू येत नाही. आम्ही दोन्ही लेकरांच्या गळ्यात गडद पिवळा रुमाल बांधतो. निघायच्या आधी त्याच कपड्यांत मोबाईलवर एक फोटो काढून घ्या. खिशात नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मनगटावर पेनानेही एक नंबर लिहा. इतक्या गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा आणि ती जागा मुलाला पायी चालवून दाखवा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. हरवलेलं लेकरू आपल्याला सापडलं तर त्याला घेऊन शोधत फिरू नका. एकाने त्याच्याजवळ बसायचं, दुसऱ्याने पोलिसांच्या मदत केंद्रावर जायचं. 1098 (लहान मुलांची हेल्पलाइन) आणि 112 (पोलीस, तातडीची मदत) हे दोन नंबर घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवेत, रुग्णवाहिकेसाठी 108.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना “तुम्ही घरीच थांबा” म्हणू नका. त्यांच्यासाठी पाठ टेकायची एक खुर्ची न्या आणि त्यांच्याकडे माहिती सांगायचं काम द्या. गर्दीत अनेकांना पाटी वाचता येत नाही, आणि तरुण पोरांना विचारायला संकोच वाटतो. सासूबाईंजवळ मात्र बाया येऊन बसतात. आम्ही एका पुठ्ठ्यावर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहून ठेवतो: शौचालय कोणत्या बाजूला, दवाखान्याचा तंबू कुठे, अजनी स्टेशनचा रस्ता कोणता, रहाटे कॉलनीचं मेट्रो स्टेशन कुठे. ही माहिती आदल्या संध्याकाळी स्वतः फिरून लिहायची, मागच्या वर्षीची चालत नाही. परतीच्या गाड्यांच्या वेळाही त्याच पुठ्ठ्यावर असतात. “कोणत्या गाडीनं जाता जी?” एवढं विचारलं की माणूस सगळं सांगतो.

औषधाच्या डब्यात चिकटपट्ट्या भरपूर ठेवा, चालून चालून पायांना फोड आलेले असतात. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा, यापेक्षा मीठ जास्त नको. गोळ्या मात्र कोणालाही देऊ नका. छातीत दुखतं म्हणाले तर थेट दवाखान्याच्या तंबूत न्या. बाकी टॉर्च, सुतळी, कात्री, साबण, जुनी फडकी, मोबाईलची भरलेली बॅटरी. रस्ते वाहनांना बंद व्हायच्या आत सगळं सामान आदल्या संध्याकाळीच जागेवर पोचवा.

घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. पाहुणा जेवत असताना आपण त्याचा फोटो काढत नाही.

दहा वाजता पुढची तुकडी आली की लगेच निघू नका. अर्धा तास फक्त झाडण्यासाठी ठेवा, आपल्या स्टॉलच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस पावलं. साली आणि पत्रावळी एका गोणीत, बाकीचा कचरा दुसऱ्या गोणीत, आणि गोणी महापालिकेच्या गाडीजवळ नेऊन टाकायची. घरी आल्यावर सासूबाई वही काढतात. मुलगी त्यात लिहिते: पाणी किती लागलं, काय उरलं, काय कमी पडलं. मागच्या पानावर तिने लिहिलंय, “चार कॅन आणखी पाहिजे. बारीक नरसाळं हरवलं. कोमट पाणी सातलाच संपलं, एका ताईला परत जावं लागलं.” त्याच्याखाली थर्मास देऊ शकतील अशा तीन घरांची नावं आहेत. ग्लास ठिपके बघून वेगळे करायचे आणि त्याच संध्याकाळी ज्याच्या-त्याच्या घरी पोचवायचे. रिकामे कॅन धुवून, झाकण उघडं ठेवून, गच्चीवर उन्हात पालथे घाला.