पिकअप खाली बसवताना प्रोपेलर शाफ्टचं गणित

"मिस्त्री, गाडी पार जमिनीला टेकवा बघा." गिऱ्हाईक एवढंच घेऊन येतं. पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), शॉकअप, रिम, टायर यांवर तासभर बोलतं, गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणाऱ्या शाफ्टचं नाव काढत नाही. गाडी तयार झाल्यावर पहिली तक्रार मात्र तिथूनच येते: वेग घेताना फ्लोअर थरथरतोय, चढाला खालून गुरगुर येतेय. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन गॅरेजला लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. शाफ्ट उतरवणं, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा चार दांड्यांचा सांधा) बदलणं हात बसला की जमतं. कोन बसवणं मात्र नुसतं बघून येत नाही, ते मोजावं लागतं.

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे नंतर तोंड लपवायची वेळ येणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. गिऱ्हाइकाला आधी आरटीओत विचारून यायला सांगा, मगच पाना हातात घ्या. शोसाठी किंवा स्वतःच्या शेतात फिरवायला केलेली गाडी वेगळी आणि रोज एमएच-११ ची पाटी लावून साताऱ्यात पोवई नाक्यावरून जाणारी गाडी वेगळी.

आता शाफ्टकडे. क्रॉस कोनात फिरला की पलीकडचा योक (क्रॉसला धरणारा काटा) एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं पडतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्हीकडं दीड टक्क्यापर्यंत जातो. ऐकायला थोडा वाटतो, पण टॉप गिअरला इंजिन ३००० फेऱ्यांवर असेल आणि तो गिअर एकास एक असेल, तर मिनिटाला ६००० धक्के झाले. मागचा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि योक्या एका रेषेत असतील, तर तो पुढच्याचे धक्के खाऊन टाकतो. म्हणून गिअरबॉक्सच्या शेपटाची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची (शाफ्ट जिथं मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो त्या दात्यांच्या दांड्याची) रेषा एकमेकींना समांतर ठेवायच्या. शाफ्ट त्या दोघींच्या मध्ये तिरका असला तरी चालतो, किंबहुना थोडा तिरका असावाच लागतो.

नवी पोरं इथंच घसरतात. गाडी खाली बसवली की अ‍ॅक्सल चासीच्या जवळ येतो, शाफ्ट सरळ दिसायला लागतो, आणि सगळे खूश होतात. पण कोन शून्याच्या आसपास गेला तर क्रॉसच्या कपातल्या सुया (बारीक रोलर) फिरतच नाहीत. जागच्या जागी दाबल्या जातात, कपात आणि क्रॉसच्या दांड्यावर चरे पडतात, क्रॉस लवकर जातो. प्रत्येक क्रॉसला १ ते ३ अंश काम द्यायचं आणि पुढच्या-मागच्या कोनात चालत्या गाडीला १ अंशाच्या आत फरक ठेवायचा. मी याच हिशोबाने काम करतो.

आकड्यांत बघू. धरून चला की दोन क्रॉसमधलं आडवं अंतर १२०० मिलिमीटर आहे आणि पिनियन गिअरबॉक्सच्या शेपटापेक्षा १५० मिलिमीटर खाली आहे. शाफ्टचा उतार झाला सुमारे ७.१ अंश. इंजिन मागच्या बाजूला ३ अंश कललेलं असेल तर पुढच्या क्रॉसचा कोन ४.१. गाडी चार इंच, म्हणजे साधारण १०० मिलिमीटर खाली बसवली. पिनियन आता ५० मिलिमीटरच खाली राहिलं आणि शाफ्टचा उतार २.४ अंशांवर आला. इंजिनाचे ३ वजा शाफ्टचे २.४, क्रॉसला उरला ०.६ अंश, आणि तोही उलट्या दिशेने. गाडी देखणी दिसते, पण क्रॉस मरतो.

उपाय गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगखाली सापडतो. पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमधलं अंतर ६०० मिलिमीटर असेल, तर मागं १५ मिलिमीटरचा स्पेसर टाकला की इंजिनाचा कल सुमारे १.६ अंशांवर येतो. शेपूट वर गेल्यामुळे शाफ्टचा उतार वाढून ३.१ होतो. वजाबाकी दीड अंश, काम झालं. मात्र फ्लोअरच्या बोगद्यात, एक्झॉस्टजवळ आणि गिअर लिव्हरला जागा आहे का ते आधी बघा, नाहीतर एक दुखणं बरं करताना दुसरं लागतं.

पिनियन इंजिनाच्या त्या १.६ अंशांच्या कलाला समांतर हवं, पण ते चालत्या गाडीला. पाट्यावर बसलेला अ‍ॅक्सल जोर लागला की पिळतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. त्यामुळे उभ्या गाडीला नाक समांतर रेषेपेक्षा अंशभर खाली ठेवायचं. मोबाइलवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून आकडे आणणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. १९६७ ते १९७२ च्या शेव्हरोलेट सी-१० ला मागं बहुतेक करून कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म (अ‍ॅक्सलला पुढून धरणारे दांडे) असायचे. तिचा अ‍ॅक्सल पाट्यावरच्या अ‍ॅक्सलएवढा पिळत नाही, म्हणून तिचा आकडा आपल्या पाट्यांना लागू नाही.

मोजताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. चासीला जॅक लावून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवून मोजलेला कोन कामाचा नाही, तो काढून लोकांचा गोंधळ वाढवू नका. पिटवर घ्या, टायरला हवा नेहमीची ठेवा, ड्रायव्हर बसवा. चुंबकाचं डिजिटल अँगल गेज पहिल्या पगारातून घ्या, महागडा पाना-सेट नंतर. योकच्या कपावरचं सर्क्लिप काढून तिथल्या सपाट भागावर गेज टेकवायचं. गंज आणि रंग खरवडून टाका, पेंटचा जाड थरसुद्धा अर्धा अंश खातो. आकडे वहीत नको, खडूने अ‍ॅक्सलवरच लिहा. दुसऱ्या दिवशी कोणी वेगळा माणूस गाडी हातात घेतो, त्याला वही सापडत नाही.

पिनियनचं नाक वळवायला पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर टाकतात. अल्युमिनियमची मऊ पाचर चेचून बाहेर येते. लोखंडी घ्या आणि सेंटर बोल्ट तिच्यातून आरपार गेलाच पाहिजे. अ‍ॅक्सल पाट्याच्या वर घेऊन फ्लिप करणार असाल तर पाट्याची सीट हौसिंगला नव्याने वेल्ड करावी लागते. आधी नुसते टाके मारा, गाडी पूर्ण वजनावर उतरवा, कोन बघा, मगच पक्कं वेल्डिंग. तेही थोडंथोडं, गार होऊ देत, दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून. एका दमात ओढलं की हौसिंग केळ्यासारखं वाकतं आणि मग एक्सलचे सील गळत राहतात, कारण कोणाला कळत नाही.

लांबीही बदलते, हे बरेच विसरतात. वरच्याच उदाहरणात शाफ्ट १२०९ मिलिमीटरवरून १२०१ वर आला, म्हणजे ८ मिलिमीटर कमी. शिवाय खड्ड्यात अ‍ॅक्सल वर येताना पाट्याच्या पुढच्या पिनभोवती कमान करतो आणि पुढं-मागं सरकतो. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना स्लीव्हला (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या तोंडाला) आत जायला अजून सुमारे २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे, नाहीतर ती गिअरबॉक्सवर ठोकर देते. शाफ्ट कापून घेतला तर बॅलन्सिंगही करून घ्या. जुन्या दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेटही उंचीनुसार हलवावा लागतो. पुढचा तुकडा गिअरबॉक्सशी जवळजवळ सरळ रेषेत, अर्धा ते एक अंश कोनात ठेवायचा, आणि दोन तुकडे जोडताना योक्यांच्या खुणा जुळल्या पाहिजेत.

चाचणीला आपल्याकडे जागांची कमतरता नाही. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जोर लावा. जोर दिल्यावरच थरथर येत असेल तर पिनियन पिळतंय किंवा कोन जुळलेले नाहीत. महामार्गावर शेंद्रे ते नागठाणे वेगात चालवा. वेगाबरोबर हळूहळू वाढणारी आणि गिअर काढून न्यूट्रलला गाडी धावत असतानाही तशीच राहणारी थरथर असेल तर बॅलन्सिंग किंवा टायर बघा. इंजिनाच्या फेऱ्या उतरताच ती गेली तर शाफ्टला बोल लावू नका, इंजिन माउंटिंग तपासा.

आणि मालकाला एक प्रश्न सुरुवातीलाच विचारा: मागं काय भरणार? खताची पोती भरली की पाटे आणखी दबतात, पिनियन आणखी वर येतं आणि तुमचा दीड अंश कुठल्या कुठे जातो. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत कोन मोजा. बंप स्टॉपला (अ‍ॅक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबराला) किती जागा उरली आणि शाफ्ट क्रॉसमेंबरला लागतो का, हेही भरलेल्या गाडीतच बघा. पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे घाला. शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी परत बोलवा आणि टॉर्क पान्याने ते पुन्हा आवळा.